दुखणं डावीकडे होतं

सांगलीच्या हॉस्पिटलात एक्स-रे कॉम्प्युटरवर उमटला आणि डॉक्टरांनी फोन उचलून टेक्निशियनला झापलं. "अरे, डाव्या-उजव्याची खूण चुकलीय तुझी. परत काढ."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी फोन ठेवला नाही, नुसता कानापासून लांब धरला आणि पडद्याकडे बघत राहिले. मग उठून अश्विनीच्या कॉटपाशी आले. स्टेथोस्कोप आधी तिच्या छातीच्या डाव्या बाजूला लावला, मग उजव्या. उजव्या बाजूला बराच वेळ ठेवला.

"दोनदा काढलाय म्हणतो तो," ते मला म्हणाले. "खूण बरोबर आहे. ताई, हिचं हृदय उजव्या बाजूला आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

अश्विनीचे डोळे मिटलेले होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

लगेच तिथंच सोनोग्राफी झाली आणि पाठोपाठ सीटी स्कॅन. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सायटस इन्व्हर्सस. म्हणजे शरीरातले अवयव आरशात दिसावेत तसे उलट्या बाजूला असणं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, जठर उजवीकडे. जन्मापासूनच असतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही आणि पुष्कळांना ते कळतही नाही. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली करंगळीएवढी शेपटी. ती बहुतेकांची उजवीकडे खाली असते, अश्विनीची डावीकडे होती. ती सुजली होती आणि फुटली होती.

"आत पू पसरलाय," डॉक्टर म्हणाले. "पेरिटोनायटिस म्हणतात याला. पोटाच्या आतल्या अस्तरालाच इन्फेक्शन. आता थांबता येणार नाही. जीवाला धोका आहे, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो."

अश्विनी माझी धाकटी जाऊ. आमचं घर कडेगावजवळच्या एका खेड्यात. सासरे अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझे यजमान साखर कारखान्यात, धाकटे दीर विक्रम सैन्यात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे घर आम्ही दोघी जावाच बघतो. मी जेवणाच्या ऑर्डरी घेते, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण असल्या. यादी केल्याशिवाय माझं पान हलत नाही. हे सगळं अशासाठी लिहिते आहे, की आमच्यासारखीच व्यवस्थित, काळजी घेणारी, वेळेवर डॉक्टरकडे जाणारी माणसं दुसऱ्या घरांतही असतील. आम्ही हयगय केली नाही. तरी उशीर झाला. तो कसा झाला हे कुणाच्या उपयोगी पडलं तर पडावं.

दुखणं सुरू झालं त्या दिवशी आमच्याकडे एका बारशाची ऑर्डर होती. अश्विनी पुरी लाटायला बसली होती. ऊस तोडणीचे दिवस, थंडी कडक, चुलाणापाशी बरं वाटत होतं. मध्येच ती लाटणं ठेवून भिंतीला टेकली.

"काय गं, एवढ्यात दमलीस?" मी म्हणाले. "अजून अर्धी परात बाकी आहे."

"बेंबीपाशी कळ मारतीय, ताई."

"सकाळी कच्चं पीठ चाखत होतीस, ते बोलतंय."

ती हसली आणि पुन्हा लाटायला लागली. थोड्या वेळानं उठून मागच्या दारी गेली आणि ओकली. दुपारनंतर कळ बेंबीपासून खाली सरकली आणि डाव्या बाजूला येऊन थांबली. अपेंडिक्सचं दुखणं असंच बेंबीपासून निघून खाली सरकतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच बघितलं, की पोरगी पाय जवळ घेऊन पडली आहे आणि तिला सरळ होता येत नाही. ऑर्डर बायकांवर सोपवली आणि तिला कडेगावच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. अण्णाही आले.

अण्णांविषयी इथं सांगायला हवं. आमच्या घरात फिट आणि अनफिट हे दोन शब्द दिवसभर चालतात. विहिरीवरची मोटार जळली की अण्णा म्हणतात, "मोटर अनफिट झाली." बैल लंगडला तर अनफिट, लाइट गेली तरी अनफिट. गावातल्या कुणाचा मुलगा भरतीच्या मेडिकलला अडला, की अण्णा पारावरून येऊन त्याचं कारण सांगत: पायाचा तळवा सपाट, नाहीतर कानाचा पडदा फाटलेला. त्यात वाईट हेतू नसे. बापाची शेती विकली गेल्यावर पोटासाठी भरती झालेला माणूस, त्याला सैन्यानं उभं केलं. शरीर धड असणं हीच त्याची कमाई होती. आम्ही ते ऐकून हसायचो.

डॉक्टरांनी अश्विनीचं पोट दाबून बघितलं. उजवीकडे दाबलं तर ती काही बोलली नाही. डावीकडे बोट टेकवलं तशी कळवळली.

"उजवीकडे दुखत नाही ना? मग अपेंडिक्सची भीती नाही," ते म्हणाले. "मुतखडा वाटतोय. याआधी काही मोठा आजार? ऑपरेशन? हार्टचं, दम्याचं काही?"

अश्विनी खुर्चीत वाकून बसली होती. तिनं मान वर केली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "काय न्हाई डॉक्टर. एकदम फिट हाय आमची सून. शिंक बी येत न्हाई तिला."

डॉक्टर हसले. "फौजीच्या घरात आजारी पडायला परवानगी कुठली!"

आम्ही सगळेच हसलो. अश्विनीसुद्धा हसली, पोट धरून.

लघवी तपासली तर त्यात थोडं रक्त सापडलं. मुतखड्याचा संशय पक्का झाला. आमच्या भागात मुतखडा घरोघरी, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकलं तरी लघवीत रक्त येऊ शकतं, हे सांगलीला समजलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर सोनोग्राफी करा म्हणाले. त्यांची चूक झाली असं मला आजही वाटत नाही.

घरी आल्यावर आम्ही कामाला लागलो. मी हुलगे शिजवून त्यांचं पाणी दर तासाला तिला प्यायला देऊ लागले. अण्णांनी शेजारच्या परसातून पानफुटीची पानं आणली आणि स्वतः धुऊन तिच्यासमोर धरली.

"खा पोरी. आमच्या हवालदाराचा खडा ह्यानंच पडला. लय मोठा हुता."

"तुमच्या हवालदाराचं पोट दगडाचंच असंल, अण्णा," ती म्हणाली.

"तोंड चालतंय म्हंजी बरी हाईस."

गोळी घेतली की कळ कमी व्हायची, गोळी उतरली की परत यायची. अंग कोमट होतं. तिचा मुलगा शंभू तेव्हा दहा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. त्याला घेतलं की त्याचे पाय तिच्या पोटाला लागायचे, म्हणून मी त्याला तिच्या डोक्याच्या बाजूनं आडवा धरायची आणि तो तसा प्यायचा. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत छताकडे बघत पडून राहायची.

ज्या सकाळी सोनोग्राफीला जायचं होतं, त्याच सकाळी तिचं पोट दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. ती स्वतः उठून बसली आणि म्हणाली, "ताई, गेली कळ."

अण्णा अंगणातूनच ओरडले, "पडला बग खडा! म्हनलं न्हवतं?"

मी सोनोग्राफी पुढं ढकलली आणि तिच्यासाठी मऊ भात टाकला.

वाचणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी ही गोष्ट विसरू नये. फुगलेलं अपेंडिक्स फुटलं, की आतला ताण सुटतो आणि काही तास बरं वाटतं. आम्ही ज्याला खडा पडणं समजत होतो, ते अपेंडिक्स फुटणं होतं. आम्ही भात खायला घालत होतो तेव्हा तिच्या पोटात पू पसरत होता.

दुपारी तिला हुडहुडी भरली. दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. पोटाला हात लावला तर फळीसारखं ताठ. मी यजमानांना फोन केला, पण हंगामाची ड्यूटी सोडून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. शंभूला शेजारणीकडे ठेवलं, शेजाऱ्यांची गाडी घेतली, अण्णांना पुढं बसवलं आणि सांगलीचा रस्ता धरला. निघताना सुद्धा मी पिशवी यादीप्रमाणे भरली. ताप किती, ओकारी कितीदा, कोणत्या गोळ्या, कधी दिल्या, सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक. प्रत्येक चढाला ट्रॅक्टर रांगायला लागायचा आणि आम्ही मागे अडकायचो. अश्विनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"ताई," ती म्हणाली, "डॉक्टरला माझं एक सांगायला पाहिजे."

"सगळं लिहिलंय मी. तू बोलू नको, दम लागतोय तुला."

तिनं एकदा पुढच्या सीटवरच्या अण्णांच्या पाठीकडे बघितलं आणि डोळे मिटले. मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. मला वाटलं, मी तिला आराम देते आहे.

ऑपरेशन बरंच लांबलं. अपेंडिक्सचं ऑपरेशन हल्ली दुर्बिणीतून होतं, तीन छोटी भोकं पाडतात. अश्विनीचं पोट बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उघडावं लागलं. बाहेर आल्यावर सर्जन टोपी काढून भिंतीला टेकून उभे राहिले. तरुणच होते.

"सगळं आरशात बघून केल्यासारखं करावं लागलं," ते म्हणाले. "हात सवयीनं भलतीकडेच जातो. धुऊन घेतलंय आतून, नळ्या ठेवल्यात. पुढचे काही दिवस महत्त्वाचे."

मी विचारलं, "तिनं आधी सांगितलं असतं तर?"

ते टोपीची घडी घालत म्हणाले, "तर फुटायच्या आधी काढता आलं असतं. लवकर घरी गेली असती. पण ताई, कडेगावच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही मुतखडाच म्हणालो असतो. आणि गंमत बघा, अशी उलटी रचना असलेल्या काहींना तरीही उजवीकडेच दुखतं. अवयवांची जागा बदलली तरी नसा बदललेल्या असतीलच असं नाही. काहींचं फक्त आतडंच जन्मतः वळलेलं नसतं, त्याला मालरोटेशन म्हणतात. त्यांचं हृदय जागेवर असतं, अपेंडिक्स भलतीकडे. काहींचं पाठीमागे लपलेलं असतं, त्यांना कंबर दुखते. बाजू बघून आम्ही अंदाज करतो, पण बाजू फसवते."

आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाकं होती. तिथं बसणाऱ्यांची आपसांत ओळख होतेच. कुणी कवठे महांकाळचं, कुणी जतचं. कोणाचा पेशंट कोणत्या कॉटवर हे सगळ्यांना पाठ. आत एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी सोडत. अश्विनीच्या नाकात नळी, पोटातून दोन नळ्या, हाताला सलाइन. ताप उतरायचा आणि परत चढायचा. पोटात एका कोपऱ्यात पुन्हा पू साठला, तो सुईनं काढला. डॉक्टर रोज "बघू" म्हणायचे. "बघू" ऐकलं की मी बाहेर येऊन बाकावर बसायची आणि काय आणायचं, कुणाला फोन करायचा याची यादी करायची. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

विक्रमचा फोन लागला तो ऑपरेशन झाल्यानंतर. तो ईशान्येकडे होता, चौकीवरून खाली उतरला की मगच रेंज मिळायची. निरोप पोचल्याबरोबर त्यानं फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलला, "वहिनी, तिचं हृदय उजवीकडं आहे. डॉक्टरांना सांगितलंत का?"

 मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्न झाल्यापासून. कळणारच की, वहिनी. अण्णांना सांगू नका म्हणाली होती. मला वाटलं, चालतंय तर चालू दे. पोटातलं पण उलटं असतं हे कुणाला ठाऊक? आम्ही दोघं ते फक्त हृदयाचंच समजत होतो."

अश्विनीलाही तेवढंच माहीत होतं. गाडीत तिला मला जे सांगायचं होतं ते पोटाचं नव्हतंच. सांगलीला जोराची इंजेक्शनं देतील, हृदयाला सोसतील का, एवढीच तिची भीती होती. पण तेवढं जरी कॅज्युअल्टीत पोचल्याबरोबर कुणी बोललं असतं, तर डॉक्टरांनी पुढचं ओळखलं असतं. आणि कडेगावातच बोललं गेलं असतं तर हे सगळं टळलंही असतं.

तिची आई आंध्रातून रेल्वेनं आली. त्यांचं मूळ गाव विट्याच्या बाजूचं. तिकडची पुष्कळ घरं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानांसाठी देशभर विखुरलेली आहेत. अश्विनीच्या वडलांचं दुकान आंध्रातल्या एका शहरात. ती तिकडेच वाढली. लहानपणी न्यूमोनिया झाला तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं. लग्नं मात्र ही माणसं गावाकडेच जमवतात. उन्हाळ्यात सगळे गावी येतात, पाहुणे बघून जातात, आठ दिवसांत ठरतं. दवाखाना तिकडचा, सोयरीक इकडची. पहिलं बाळंतपणही रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे तिकडेच झालं. त्यामुळे या दुखण्याआधी आमच्या कुठल्याही डॉक्टरानं तिची छाती किंवा पोट कधी बघितलंच नव्हतं.

मी त्या बाईंना काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्या जिन्यावरून आल्या, हातात जेवणाचा डबा, प्रवासानं साडी चुरगळलेली. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घीन."

"का नाही सांगितलंत?" एवढंच मी विचारलं.

"आवं, सुभेदाराचं घर. तिथं छाती मोजून मानूस घेत्यात. पोरगी चांगली, पाहुनं चांगलं, आन मी म्हनू, हिचं काळीज उजवीकडं हाय? तुमी घेतली असती व्हय?"

 खरं उत्तर मला माहीत होतं. माझंच मत विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, दुसरी बघू.

आम्ही दोघी बाकावर बसलो. त्यांनी डबा उघडला. चिंचेचा भात होता, तिकडचा. आम्ही तो खाल्ला.

अश्विनीला वॉर्डात आणलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा तिच्याजवळ बसले. तोवर ते दारातूनच बघून मागे फिरत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती नीट करत राहिले.

"मी अनफिट म्हनायचो ते मोटारीला, पोरी," ते म्हणाले. "बैलाला. तुला न्हाई."

अश्विनी म्हणाली, "माहितीय, अण्णा."

"मंग बोलली का न्हाईस?"

 ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना फिट म्हणालात, तेव्हा बरं वाटलं होतं."

अण्णा उठले आणि बाहेर जाऊन जिन्यापाशी पाठमोरे उभे राहिले. यजमान तेव्हा आले होते, त्यांनी जवळ जायला पाऊल उचललं, मी त्यांना थांबवलं.

अश्विनी वाचली. हे मी आधीच लिहायला हवं होतं, वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या हॉस्पिटलातल्या सगळ्यांचे उपकार आहेत, एक्स-रे दोनदा काढून स्वतःच्या खुणेवर ठाम राहणाऱ्या टेक्निशियनपासून ते तिच्या नळ्या साफ करणाऱ्या नर्सपर्यंत.

पण सगळं परत मिळालं नाही. शंभूला हॉस्पिटलात आणू देत नव्हते. तिची आई हॉस्पिटलात थांबायला लागल्यावर मी घरी जाऊन-येऊन त्याला वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजत होते, पहिल्या दिवशी त्यानं थुंकून टाकलं, पुढं प्यायला लागला. मला हायसं वाटलं. इकडे औषधांत, तापात आणि उपाशी राहण्यात अश्विनीचं दूध आटलं. घरी आली त्या दिवशी तिनं उशीवर टेकून त्याला मागितलं. मी तिच्या कुशीत दिला. त्यानं तोंड लावलं, सोडलं आणि माझ्याकडे हात करून रडायला लागला. ती म्हणाली, "घ्या ताई त्याला, माझे टाके ओढतात." तिचे टाके ओढत नव्हते.

एकाच चुलीवर आम्ही दोघींनी इतकी वर्षं भाकरी केल्या. तिचा पगार नाही, माझा नाही, ऑर्डरीचे पैसे एका डब्यात. मला ती लाडानं ताई म्हणते. कुणाला गोड जास्त लागतं, कुणाला मिठाचं पथ्य, हे मी शंभर पाहुण्यांचं लक्षात ठेवते. आणि शेजारी बसलेल्या बाईच्या काळजाची जागा मला ठाऊक नव्हती. ती सांगू शकेल असं आमचं घर नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला अजून पचत नाही.

आता तिच्या पर्समध्ये प्लास्टिकचं एक कार्ड असतं, रक्तगट आणि सायटस इन्व्हर्सस लिहिलेलं. तसंच माझ्या आणि विक्रमच्या मोबाइलमध्ये आहे. शंभूची तपासणी करून घेतली, त्याचं सगळं नेहमीच्या जागी आहे. तुमच्या घरात कुणाला लहानपणी काही वेगळं सांगितलं गेलं असेल, हृदय उजवीकडे, एकच मूत्रपिंड, काहीही, तर ते नुसतं एका अवयवाचं समजू नका, डॉक्टरांना नीट विचारा. पोटातलं दुखणं एकाएकी थांबून ताप आला तर थांबू नका. आणि लेकीचं लग्न ठरवताना लपवलेली गोष्ट निदान लग्नानंतर तरी बोला. ते ऐकून घेणारं घर व्हायची जबाबदारी आमच्यासारख्या घरांची.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं सांगलीला गेलो. डॉक्टरांनी टाक्यांची जागा बघितली, वजन घेतलं आणि विचारलं, "कसं वाटतंय? काही त्रास?"

अण्णांनी तोंड उघडलं. मग मिटलं. खुर्ची मागे सरकवून उठले आणि मला म्हणाले, "चल शैला, भाईर बसू."

आम्ही बाहेर आलो. अण्णांनी दार ओढून घेतलं. पुढचे दोन पेशंट आमच्याकडे बघायला लागले, त्यांना घाई होती. आतून अश्विनीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती बोलत होती. मध्ये डॉक्टर एखादं वाक्य बोलायचे आणि परत तिचाच आवाज. एवढी सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. अण्णा जमिनीकडे बघत होते.

"काय सांगत असंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डोळे लाल होते तिचे, पण चेहरा मोकळा. आम्ही दोघांनी काही विचारलं नाही. तिनं पदर नीट केला, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला. मला भूक लागलीय."